रांग कोणी लावली?

'स्वयंपाक' हा आपल्या भाषेतला एक मोठा लबाड शब्द आहे. ऐकणाऱ्याला वाटावे, की अन्न आपले आपण शिजते. वैयाकरण सांगतील, की 'स्वतःच्या हाताने केलेला पाक' असा त्याचा अर्थ आहे, आणि ते बरोबरच आहे. पण बहुतेक घरांतल्या कर्त्या पुरुषांचे वागणे पाहिले, तर ते हा शब्द पहिल्याच अर्थाने घेतात असे दिसते. पान वाढले जाते, वरणभातावर तूप पडते, आणि चुलीपुढे दोन तास कोण उभे होते हा प्रश्न काही मनात येत नाही. 'स्वयं' या दोन अक्षरांच्या आड एक माणूस सहज दडून जातो.

हेच 'स्वयं' मला अलीकडे एका निराळ्याच ठिकाणी भेटले, आणि तेव्हापासून ते पिच्छा सोडीत नाही. पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणू आपले आपण जमतात, आपल्या आपण रांगा लावतात, षट्कोनी जाळ्या विणतात, आणि हे सारे कोणी हुकूम न देता घडते, असे आजचे रसायनशास्त्र सांगते. त्याला कोणी स्वयंरचना म्हणतात, कोणी स्वयंसंघटन. या रचनांची मापे नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या शंभर कोटीव्या भागात मोजतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ८० हजार नॅनोमीटर भरते, यावरून काय ती कल्पना करावी.

मी रसायनशास्त्राचा माणूस नव्हे. माझे एम. ए. तत्त्वज्ञानाचे, आणि नोकरी मुलांच्या रांगा लावण्याची. त्यामुळे हुकमावाचून रांग लागते हे वाचल्यावर मला जितके नवल वाटले, तितकीच शंकाही आली. ती शंका या लेखात मांडावयाची आहे. पण आधी वस्तुस्थिती.

या विषयाचा उगम स्वयंपाकघरातच व्हावा, हा योगायोग मला फार आवडतो. जर्मनीतील ब्राउनश्वाइग या गावी आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी होती. जन्म १८६२ चा. तिचे शालेय शिक्षण संपले तेव्हा तिकडे विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. आईवडील आजारी, घरची उस्तवार तिच्याकडे. धाकटा भाऊ ग्योटिंगेनला पदार्थविज्ञान शिकत होता. त्याच्याकडून मिळालेली पुस्तके ही घरी वाची. भांडी घासताना तेलकट पाण्याच्या पृष्ठभागाचे वागणे तिच्या ध्यानात आले, आणि तिने पत्र्याचा एक आयताकृती ट्रे काठोकाठ पाण्याने भरून त्यावर पत्र्याचीच एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्याचा मोकळा पृष्ठभाग लहानमोठा होई. त्यावर तेलाचा लेश सोडून एक छोटी चकती पाण्यावरून उचलायला किती जोर लागतो, हे ती मोजीत बसे. दहा वर्षे तिने हे केले आणि जानेवारी १८९१ मध्ये इंग्लंडातील लॉर्ड रॅले या मोठ्या शास्त्रज्ञाला जर्मनमध्ये पत्र लिहिले. रॅले स्वतः तेव्हा याच प्रश्नाच्या मागे होते. त्यांचा मोठेपणा असा, की त्यांनी त्या पत्राचे भाषांतर 'नेचर' या नियतकालिकाकडे धाडले आणि १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आले. पुढे त्याच ट्रेची सुधारलेली आवृत्ती घेऊन अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ साली दाखवून दिले, की पाण्यावरच्या त्या तवंगात रेणू एकमेकांना खेटून उभे असतात. डोके पाण्यात, शेपूट हवेत, आणि थराची जाडी अवघी एका रेणूची. १९३२ साली लँगम्यूर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तरीच्या आग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या, पण वजनात केवढा फरक!

त्याहीपूर्वी, १७७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चहाच्या चमचाभर तेल ओतल्याचे वर्णन केले आहे. तेल पसरत पसरत सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे गुळगुळीत झाले. फ्रँकलिन यांनी पुढचा भागाकार केला नाही. तो आमची दहावीची मुले करू शकतात. आजच्या चमच्याचे ५ मिलिलिटर आणि अर्ध्या एकराचे सुमारे २ हजार चौरस मीटर धरले, तर थराची जाडी येते अडीच नॅनोमीटर. एका रेणूची उंची! सव्वाशे वर्षे ते उत्तर त्या तळ्यावर पडून होते.

पाण्यावरचे रेणू सैल असतात. घन पृष्ठभागावर ते कसे बसतात याचा अभ्यास पुढे झाला, आणि त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण सोन्याचे आहे. १९८३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत राल्फ नझो आणि डेव्हिड अलारा यांनी गंधकयुक्त कार्बनी रेणूंचा एक थर सोन्यावर चढवला. या कुळातले थायॉल नावाचे रेणू आता सर्रास वापरतात. रेणूचे एक टोक गंधकाचे, बाकी कार्बन-हायड्रोजनची लांब शेपटी. गंधकाला सोन्याची ओढ आहे. (ती आपल्यालाही आहे, पण आपण त्यावर दाटीने उभे राहत नाही, लग्नसराईतली सराफ पेढी सोडून.) कृती विचाराल तर लोणच्यापेक्षा सोपी. अल्कोहोलमध्ये थायॉलचे अगदी विरळ द्रावण करावे, त्यात सोन्याचा मुलामा दिलेली काच बुडवावी आणि रात्रभर ठेवून द्यावी. पहिल्या काही मिनिटांतच बहुतेक पृष्ठभाग रेणूंनी व्यापला जातो, पण तेव्हा त्यांच्यात शिस्त नसते. कोणी आडवा, कोणी तिरका. खरी मांडणी पुढच्या कित्येक तासांत होते. सकाळी पाहावे तर प्रत्येक रेणू आपल्या शेजाऱ्यापासून अर्ध्या नॅनोमीटरवर, सभोवती सहा शेजारी, आणि सगळ्यांच्या शेपट्या एकाच दिशेला सुमारे ३० अंशांनी कललेल्या, वाऱ्यावर वाकलेल्या जोंधळ्यासारख्या.

एका चौरस सेंटिमीटरवर असे किती रेणू मावतात? साडेचार कोटींना एक कोटीने गुणावे, सुमारे तितके. ते एकेक करून मांडायचे ठरवले आणि सेकंदाला एक असा वेग राखला, तर सुमारे १ कोटी ४५ लाख वर्षे लागतील. आणि एकेक करून मांडता येत नाही असेही नाही. बिनिग आणि रोरर यांनी १९८१ साली झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत अणू 'चाचपून' पाहणारे सुईचे सूक्ष्मदर्शक बनवले. तशाच एका सुईने १९८९ साली डॉन आयग्लर यांनी, शून्याखाली २६९ अंश इतक्या थंडीत, झेनॉनचे ३५ अणू निकेलवर ढकलत ढकलत नेऊन आपल्या कंपनीची तीन अक्षरे लिहिली. ते हाताचे काम होते. एकीकडे पस्तीस अणू आणि एक हात. दुसरीकडे कोटी-कोटी रेणू, रात्रभर झाकून ठेवलेली बाटली, आणि हात कोणाचाच नाही.

खरेच कोणाचाच नाही?

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. अचेतन प्रकृती कोणाच्या मार्गदर्शनाशिवाय हेतुपूर्ण वाटणारी रचना करू शकते, असे सांख्य म्हणतात. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत त्यासाठी दुधाचा दृष्टान्त आहे: दुधाला काही कळत नाही, तरी वासराच्या पोषणासाठी ते स्रवते. शंकराचार्यांना हे मान्य नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरील भाष्यात ते घर, वाडा, शय्या, आसन यांची उदाहरणे घेतात. या वस्तू जाणत्या कारागिरावाचून तयार झालेल्या कोणी पाहिल्या आहेत? दगड आणि ढेकळे आपण होऊन वाडा रचत नाहीत. आणि दुधाचे म्हणाल, तर गाय चेतन आहे, तिचे वासरावर प्रेम आहे, शिवाय वासरू ओढून घेते, म्हणून दूध येते.

या वादात सोन्यावरचे रेणू साक्षीला बोलावले, तर ते निःसंशय सांख्यांच्या बाजूने बोलतील. रचना दिसली की रचणारा असलाच पाहिजे, हा युक्तिवाद आता तसाच्या तसा टिकत नाही. रेणूला कळत काही नाही. गंधकाची ओढ, शेपट्यांची एकमेकींना असलेली मंद चिकटण आणि उष्णतेची हलवाहलव एवढ्यावर काम भागते. व्यवस्था फुकट मिळते असे मात्र नाही. पृष्ठभागाला चिकटताना रेणू उष्णता बाहेर टाकतात आणि आतल्या नीटनेटकेपणाची भरपाई बाहेरच्या विस्कळीतपणाने होते. घर आवरले की केर अंगणात जातो, तसेच हे.

पण त्याच पादात आचार्यांचा आणखी एक मुद्दा आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. गवताचे आपोआप दूध होते ना, असे प्रतिपक्षी विचारतो. आचार्य म्हणतात, गाईने खाल्ले तरच होते. बैलाने खाल्ले तर होत नाही. म्हणजे गवताच्या स्वभावात सगळे आले नाही. ते कोठे पडते, यावर पुढचे अवलंबून आहे. चेतन-अचेतन हा वाद घटकाभर बाजूला ठेवला, तरी हा मुद्दा उरतोच. तेच थायॉल साध्या काचेवर टाका, अशी रांग लागणार नाही. ती सोन्यावर लागते, कारण सोन्याचे अणू आधीच एका षट्कोनी ठशात बसलेले असतात आणि रेणू त्या ठशाशी जमवून घेतात. रेणूंची मांडणी कोणी केली नाही हे खरे. पण सोने कोणी निवडले? अल्कोहोल कोणी ओतले? शेपटी किती लांब ठेवायची, हे कोणी ठरवले?

२००१ साली जपानी संशोधकांनी केलेला एक प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आपल्या रक्तातल्या आणि झाडाच्या पानातल्या रंगद्रव्यांच्या कुळातले पॉर्फिरिन नावाचे रेणू घेऊन त्यांनी ते सोन्यावर सोडले. या रेणूंना त्यांनी सायनो गटाचे, सोप्या भाषेत सांगायचे तर शेजाऱ्याला धरणारे, हात जोडले होते. रेणूला एकच हात दिला तेव्हा ते तिघातिघांच्या टोळक्याने बसले. शेजारीशेजारी दोन हात दिले तेव्हा चौघांचा चौकोन झाला. तेच दोन हात समोरासमोर दिले तेव्हा लांबच लांब साखळ्या तयार झाल्या. एकाही रेणूला कोणी जागा दाखवली नाही. तरीही तीन होणार, चार होणार की साखळी, हे हात कोठे जोडला यावर ठरले, आणि हात जोडणारा माणूस होता.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९० साली 'स्वतःला घडवणारे' हा शब्दप्रयोग सजीवांसाठी वापरला होता. घड्याळाचे भाग एकमेकांसाठी असतात, पण एक चाक दुसरे चाक निर्माण करीत नाही. झाडाचे भाग एकमेकांना निर्माणही करतात. या कसोटीवर सोन्यावरचा थर बाद ठरतो. तेथे एक रेणू दुसऱ्याला घडवीत नाही, तो केवळ शेजारी बसतो. म्हणून या 'स्वयं'मध्ये 'स्व' कोणता, असे कोणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही, आणि रेणूकडे तर नाहीच.

हा झाला तात्त्विक वाद. तो तेवढ्यावर राहिला असता तर मी लेख लिहायला बसलो नसतो.

काही दिवसांपूर्वी आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिले. चित्रे सुरेख होती. आमच्या शाळेची नववी-दहावीची मुले पुढच्या सतरंजीवर बसली होती. व्याख्यानाच्या अखेरीस वक्ते समाजाकडे वळले. म्हणाले, "बघा, कोणी हुकूम दिला नाही, कोणी जबरदस्ती केली नाही, प्रत्येक जण आपापल्या जागी. आपली जुनी गावगाड्याची व्यवस्था अशीच होती. बारा बलुतेदार आपापल्या जागी, आणि सगळे सुरळीत. निसर्गाचाच नियम तो." टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत आमची नववीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, त्या रेणूला उठून दुसऱ्या जागी बसायचं असेल तर बसता येतं का?" सभागृह हसले. वक्तेही हसून म्हणाले, "अगं, रेणूला तसं काही वाटत नाही."

या उत्तराचे दोन भाग आहेत आणि दोन्ही तपासले पाहिजेत.

रेणूला काही वाटत नाही, हे खरे. पण उठून दुसरीकडे बसता येते का, या प्रश्नाचे रसायनशास्त्रातले उत्तर 'येते' असे आहे. किंबहुना सगळी गंमत तेथेच आहे. पहिल्या काही मिनिटांत जो गोंधळ होता, त्याची रांग कशी झाली? चुकीच्या जागी बसलेले रेणू सरकले म्हणून, काही सुटून द्रावणात परत गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले म्हणून. पुरा झालेला थर दुसऱ्या थायॉलच्या द्रावणात बुडवला, तर काही तासांत वा दिवसांत जुन्यांतले कित्येक उठून जातात आणि नवे बसतात. बंध असा असावा लागतो, की तो धरूनही ठेवील आणि वेळ पडली तर सोडूनही देईल. तो कधीच सुटणार नसेल, तर रेणू जेथे आदळतो तेथेच कायमचा अडकतो. अतिशय थंड पृष्ठभागावर नेमके हेच होते. अणूंना हालचालीला वाव नसतो आणि सुबक पट्ट्यांऐवजी वेड्यावाकड्या फांद्यांचे पुंजके वाढतात. फार तापवले तर सगळेच उडून जातात. रांग लागते ती या दोहोंच्या मधल्या उबेत, जेथे चुकलेली जागा सोडता येते.

गावगाड्यात हे होते का? लोहाराच्या मुलाला कुलकर्ण्याची दौत उचलता येत होती का, आणि महाराच्या मुलाला पाटलाच्या विहिरीवर पोहरा सोडता येत होता का? डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या सभेसाठी लिहिलेले आणि ती सभाच रद्द झाल्याने १९३६ साली पुस्तकरूपाने छापलेले भाषण ज्यांनी वाचले आहे, त्यांना आठवेल, की जात ही नुसत्या कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही माणसाच्या उपजत कलावर वा त्याच्या आपखुशीवर उभी नाही, असे त्यांनी तेथे दाखवले आहे. 'कोणी जबरदस्ती केली नाही' म्हणणाऱ्यांनी एवढे एक प्रकरण तरी उघडून पाहावे. रसायनशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर तो बंध सुटणारा नव्हता. मग जे झाले ते स्फटिक नव्हे, पुंजका; लांबून सुबक दिसणारा.

येथे मला स्वतःलाच आवरले पाहिजे. वक्त्यांनी रेणूंकडून एक नियम उचलला आणि तो माणसांवर लादला. मी त्याच रेणूंकडून दुसरा उचलतो आहे, एवढाच फरक. निसर्गात अमुक 'आहे', म्हणून समाजात तमुक 'असावे', ही उडी कोणत्या पुलावरून मारता, हा ह्यूम यांचा १७४० सालचा प्रश्न त्यांना लागू होतो तसा मलाही होतो. रेणूंचे बंध न सुटणारे असते, तर काय जातीचे बंधन योग्य ठरले असते? नसतेच. ते अन्याय्य आहे ते रेणूंच्या विरुद्ध जाते म्हणून नव्हे, तर त्याखाली माणूस दुखावतो म्हणून. आणि येथेच वक्त्यांच्या उत्तराचा दुसरा भाग येतो. रेणूला काही वाटत नाही, म्हणूनच त्याच्या रांगेला न्याय-अन्याय हे शब्द लागत नाहीत. माणसाला वाटते. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला वाटते, हे सभागृहाला हसताना सुचले नाही.

मग रेणूंपासून शिकायचे काहीच नाही का? माझ्या मते एक आहे, आणि ते नियम नसून एक सवय आहे. रांग आपोआप लागलेली दिसली, की पृष्ठभाग पाहायचा.

आमच्या शाळेच्या मैदानातून एक तिरकी पायवाट जाते. ती कोणी आखली नाही. मुलांच्या पायांनी पडली. समाजात अशा पुष्कळ गोष्टी कोणाच्या योजनेवाचून होतात. बाजारभाव ठरतो, भाषा वळण घेते, आपली सीमाभागातली मराठी कानडीचे कितीतरी शब्द पोटात घेऊन बसली, त्याचा ठराव कोठल्या साहित्य संमेलनात झाला नव्हता. हायेक यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ अशा आपसूक व्यवस्थेचे गोडवे गातात, आणि त्यात तथ्य आहे. पण आमची पायवाट तिरकी का? फाटक आग्नेय कोपऱ्यात बसवले म्हणून. पुढे रस्त्याच्या रुंदीकरणात दुसरे फाटक उघडावे लागले, तेव्हा एका पावसाळ्यात जुन्या वाटेवर गवत उगवले आणि नवी वाट पडली. मी एकही सूचना वाचून दाखवली नव्हती. मुलांना वाटेबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. आणि फाटक बसवणाऱ्याने 'मी कुठे वाट आखली?' असे म्हणण्यातही अर्थ नाही.

सोन्याच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. पृष्ठभागसुद्धा तटस्थ राहत नाही. रेणू बसताना सोन्याचे काही अणू ओढले जातात आणि पृष्ठभागावर एका अणूइतक्या खोलीचे खड्डे पडतात. शिवाय ही सारी रांग एकसंध नसते. ठिकठिकाणी वेगवेगळ्या पट्ट्या वाढू लागतात, प्रत्येक आपल्यापुरती निर्दोष, आणि दोन पट्ट्या जेथे भेटतात तेथे ओळी जुळत नाहीत. तेथे एक सदोष सीमारेषा राहते. आणि परका रेणू थरात शिरतो तो प्रामुख्याने या सीमांवरून आणि दोषांच्या जागी; पट्टीच्या मधोमध त्याला सहसा वाव मिळत नाही. आमच्याकडच्या वाचकाला हे निराळे समजावून द्यायला नको.

आता शाळेतली गोष्ट. दर जूनमध्ये आठवीचे नवे वर्ग भरतात. पहिल्या दिवशी मुले आपल्याला हवी तेथे बसतात, आणि आठवड्याभरात जागा ठरून जातात. यंदा मी एका वर्गाचा नकाशा कागदावर काढला. दाराजवळच्या शेवटच्या दोन बाकांवर आठ मुले होती. त्यांतली सात गावाबाहेरच्या एकाच वस्तीतली. वर्गशिक्षिकांना मी विचारले. बाई मनापासून म्हणाल्या, "सर, आम्ही कुणालाच कुठे बसवत नाही. मुलं आपापली बसतात." त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. कोणी हुकूम दिला नव्हता. शाळेत येण्यापूर्वी या मुलांनी लग्नाच्या पंगतीत, किराणा दुकानाच्या पायरीवर आणि कोणाकोणाच्या अंगणात जे पाहिले असेल, ते त्यांच्याबरोबर वर्गात येऊन बसले होते. बाकाची निवड त्या दिवशीची. पृष्ठभाग फार आधी तयार झालेला.

दर सोमवारी प्रत्येकाने एक बाक पुढे सरकायचे आणि पहिल्या बाकाने मागे जायचे, असा नियम मी घातला. तक्रारी आल्या. पुढच्या बाकावरच्या मुलांचे पालक आले, हे अपेक्षितच होते. मागच्या बाकावरची मुलेही आली, हे अपेक्षित नव्हते. "सर, आम्हाला तिथंच राहू दे. आम्ही सगळे एकत्र असतो." शेजाऱ्याची ऊब ही काही खोटी गोष्ट नव्हे, शेपट्यांची ती मंद चिकटण नसती तर सोन्यावरची रांगही सरळ राहिली नसती. त्यांना काय सांगावे? तुमची इच्छा तुमची नाही, असे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? आणि ती पूर्णपणे त्यांचीच आहे असे धरून नियम मागे घ्यावा, तर मी फाटक बसवणाऱ्याच्या पंक्तीला जाऊन बसतो. मी त्यांना एवढेच म्हणालो, की दसऱ्यापर्यंत फिरा, मग बघू.

थराला थोडी ऊब देऊन सावकाश निववले, की लहान पट्ट्या मोडून मोठ्या होतात, असे प्रयोगशाळेत दिसते. सोमवारचा नियम म्हणजे तसलीच ऊब, असे मी बाईंना गमतीने म्हणालो. त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर नियम उठवला आणि ज्याला जेथे बसायचे तेथे बसू दिले. आठांपैकी चौघे पुन्हा दाराजवळच्या बाकांवर गेले. त्यांच्याबरोबर आता पुढच्या रांगेतली दोन मुले आहेत, कारण खिडकीतून मैदान दिसते ते तेथूनच, हे त्यांना फिरतीत कळले. उरलेल्या चौघांतला एक दुसऱ्या बाकावर आहे, फळा नीट दिसतो म्हणून. तिघे मध्ये कोठेतरी. हे दोन्ही नकाशे, जूनचा आणि सुट्टीनंतरचा, माझ्या टेबलाच्या काचेखाली आहेत. तिसरा फेब्रुवारीत काढणार आहे.